चौदा किलोमीटर

एकतीस डिसेंबर, रात्रीचे साडेनऊ.
यंत्रावर वर्षाचा आकडा: तीन हजार नऊशे शहाऐंशी.
शैलजा म्हणाली, "कुणाला हिशेब द्यायचाय?"
मी कानटोपी चढवली, मागचा लाल दिवा लावला.
तो आता फोनवरनं लागतो,
याचं तिला अजून हसू येतं.

रंकाळ्याला फेऱ्या.
भेळेच्या गाड्या आवरत होत्या,
पाण्यावरचा गारठा थेट गुडघ्यात.
जूनमध्ये गगनबावड्याच्या चढाला
याच गुडघ्यानं मला शिव्या घातल्या होत्या,
अस्सल, पेठेतल्या.

परतताना बंद टॉकीजपाशी पाय आपसूक टेकला.
इथं सायकल लावायला चार आणे पडायचे.
पितळी बिल्ला, नंबर सत्तेचाळीस.
एकदा शेवटच्या रिळाला लाईट गेली,
पब्लिकनं खुर्च्या बडवल्या,
आणि त्या गोंधळात मी "बिल्ला हरवला" म्हणालो,
खिशात असताना.
राजबा स्टँडवाला म्हणाला,
"चौगुल्याचं पोरगं न्हवं? ने जा."
बिल्ला घरी आहे,
केबली, चार्जर, मेलेल्या घड्याळांच्या डब्यात.

किती वेळ उभा होतो, यंत्राला ठाऊक नाही.
थांबलं की ते मोजत नाही.

घरी पोचलो:
तीन हजार नऊशे नव्व्याण्णव पूर्णांक सहा.
शैलजानं दार उघडलं. "झाले चार हजार?"
झाले, म्हटलं.