उरलेला रंग

दुपारी बारानंतर पत्रा बोलायचा.
टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक् टक्.
याबोम म्हणायची, बोटं मोडतोय मेला.
फ्रीटाउनच्या त्या उतारावर सगळ्यांचेच पत्रे तसे,
गंजून तांबूस,
खाली समुद्र असून नसल्यासारखा.
उशाशी ठेवलेली मेणबत्ती
न पेटताच कमरेत वाकायची.

भाचा सांतिगी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आला,
अनवाणी चढला, शिव्या देत उतरला,
मग तिच्या चपला घालून पुन्हा चढला.
संध्याकाळी छप्पर
घासलेल्या ताटासारखं आभाळाकडे बघत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दचकून उठली.
आपल्याला झोप लागली होती, हेच आधी कळेना.
पत्रा गप्प.
बाहेर येऊन तिनं वर पाहिलं, डोळे दिपले.
आहे. जागेवर आहे.

शेजारची रुगियातू कुरकुरली,
तुझा उजेड माझ्या डोळ्यांत जातो.
याबोमनं डबा कानाशी धरून हलवला.
तळाशी असेल
अर्ध्या छपरापुरता.

"कुठली बाजू?"

रुगियातू जरा थांबली.
"बाळ निजतं ती."