पैलतीरी जाण्याची सोय

नगरपालिकेत मी हिशेब बघते.
महिनाअखेर पुलाचा अहवाल द्यायचा आहे.
तक्त्यात एक रकाना: नागरिकांना झालेले लाभ.
रकाना दोन बोटं रुंद.

पुलाच्या तोंडाशी खांबावर एक यंत्र आहे,
ते माणसं मोजतं, सायकली मोजतं,
एकदा तर हरीणही मोजलं त्याने,
पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी,
पादचारी म्हणून.
मी ते खोडलं नाही.

आईला फोनवर सांगितलं,
पैलतीर आता चालत सात मिनिटांवर आलाय,
तर म्हणाली, असं अभद्र बोलू नये गं.
तिला कसं समजवायचं
की फॉक्स नदीच्या पैलतीरावर
दवाखाना आहे, वाचनालय आहे,
फक्त शनिवारीच पाव भाजणारा डच बेकर आहे,
आणि यम तिकडे राहत असलाच
तर पूल झाल्यापासून भाडं परवडत नसेल त्याला.

इथून पूर्वी कागदगिरणीची मालगाडी जायची.
गिरणी बंद पडली, रूळ उखडले,
खांब तेवढे बारा वर्षं नदीत उभे,
पाण्यात कशाला उतरलो
ते विसरलेल्या माणसांसारखे.
ज्याच्याकडे गाडी नाही त्याने हायवेच्या पुलावरून जावं,
कडेला पाऊल ठेवायला जागा नाही,
ट्रक गेला की टोपी नदीत.
पा न्या वांग दोन बस बदलून भाजी न्यायची,
बाजार लागेपर्यंत कोथिंबीर मान टाकायची.
आता तिची तीनचाकी सायकल सहाला पूल ओलांडते
आणि जुड्यांवर दव असतं.
माझ्याकडून जुडीचे पैसे घेते,
मिरच्या मात्र न बोलता पिशवीत टाकते.

तीनला शाळा सुटते.
पोरं कठड्यावरून थुंकून वारा कुठला ते बघतात.
हे कुठल्या रकान्यात?

लेनर्ड व्हॅन डेन ह्यूवेल सभेत उठून म्हणाला होता,
सत्तेचाळीस वर्षं गिरणीत घातली मी,
आता माझ्या करातून बदकांना फिरायला रस्ता?
लोक हसले. टाळ्याही पडल्या.
मी मान खाली घालून आकडे चाळत राहिले.

मग मार्लिस एकेक विसरू लागली,
आधी गॅस, मग रस्ते, मग तो.
तिला पलीकडच्या शुश्रूषागृहात ठेवलं.
त्याच वर्षी डोळ्यांपायी त्याचं लायसन्स गेलं.
आता अकराच्या ठोक्याला तो पुलावर असतो,
खिशात रुमालात बांधलेलं, सोललेलं संत्रं.
जानेवारीत नदी पांढरीफटक गोठली होती,
बर्फ काढणारी गाडी यायच्या आत
हा फावडं घेऊन स्वतःपुरती वाट काढत जायचा.
फार अरुंद वाट, एका माणसाची.
दुपारी तिच्यातूनच पोरं, एकामागे एक.
पूल चांगला झाला
असं तो अजून एकदाही म्हणालेला नाही.

काल ऑफिसात फोन आला.
नाव सांगितलं नाही, आवाज ओळखला.
"अवर ब्रिजची एक फळी हलतेय.
कोणीतरी पडेल."
आणि फोन ठेवला.

इंग्रजीत अवर म्हणजे अवर.
आमचा की आपला,
ते ऐकणाऱ्याने ठरवायचं.
मी बराच वेळ पेन्सिल धरून बसले.
मग लाभांचा तक्ता बाजूला सारून
तक्रारवही ओढली
आणि मराठीत लिहिलं,
वरच्या साहेबांना वाचता येणार नाही तरी:

आपल्या पुलाची फळी,
पूर्वेकडून एकशे अठरावी.
सुतार गुरुवारी येईल.