कवळी

ऑब्री फेब्रुवारी माझ्या खुर्चीत बसला तेव्हा
वरच्या ओळीत एकही दात नव्हता
आणि कुशीत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं.
मला वाटलं, मांजर.

अॅथलोनमध्ये, क्लिपफाँटेन रस्त्यावर, न्हाव्याच्या माडीवर
मी तेवीस वर्षं कवळ्या बनवते.
तोंडातल्या रिकाम्या जागेचं इथे कुणाला नवल नाही.
केपटाऊनची आमची पोरं सोळाव्या वर्षी
हौसेनं पुढचे चार काढून घेतात,
त्या खिंडीतून पोरींना शिट्ट्या मारतात.
ऑब्रीनं काढले नव्हते.
गल्ली चिडवायची : कुणासाठी राखतोस रे?
तो राखत होता आल्टो सॅक्सोफोनसाठी,
जो अजून त्याच्याकडे नव्हताच.
दात होते. चणे यायचे होते.

मापाच्या लगद्यानं तोंड भरलं की माणूस गप्प होतो.
हा लगदा काढला की बोलायचा, हप्त्याहप्त्यानं.
आडनाव? पूर्वजाला जहाजातून उतरवलं त्या महिन्याचं.
मालकाला खरं नाव विचारायचा कंटाळा.
बाप शिंपी, नव्या वर्षाच्या मिरवणुकीचे
हिरवे-जांभळे सॅटिनचे कोट शिवायचा,
उरलेल्या चिंध्यांनी पोरगं वाद्य पुसायचं.

आणि समुद्राकाठचं ते हॉटेल,
जिथे त्याच्या रंगाच्या माणसाला
वाजवायची मनाई, वाढायची मुभा.
मॅनेजरनं दातांच्या कण्या करून परवाना आणला :
वेटर, रात्रपाळी.
खांद्यावर नॅपकिन टाकून वाजवायचा.
दारावरचा माणूस खोकला
की सॅक्सोफोन पियानोखाली, हातात ट्रे.
एकदा खोकला ऐन तानेत आला.
उरलेली तान त्यानं सूप वाढता वाढता
नाकातल्या नाकात पुरी केली.
म्हणे, एका पोलिसानं मान डोलावली.

रेकॉर्ड एकच निघाली. रविवारची दुपार, एक मायक्रोफोन,
सात रँड आणि एक नंबर मोठे बूट.
मग बुलडोझर आले. घर गेलं, गल्ली गेली,
रेकॉर्डही त्या ढिगात गेली.
वाळूच्या सपाटीवर नवी खोली,
कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री, एकोणीस वर्षं.
एवढंच सांगितलं त्यानं. मीही एवढंच सांगते.

चौथ्या खेपेला टॉवेल उघडला,
माउथपीस काढून माझ्या तळहातावर ठेवला.
म्हणाला, बाई, हिरड्यांचं राहू दे, माप याचं घ्या.
काळं एबोनाइट, वर दोन खड्डे,
डावा खोल, उजवा जरा तिरका,
जुन्या दगडी पायरीला पावलांनी पडावेत तसे.
दात गेले होते, चावा शिल्लक होता.

त्या रात्री मी चाव्यावरून दात केले.
उजवा मुद्दाम तिरका बसवला.
आमच्या परीक्षेत याला नापास करतात.

पहिला स्वर म्हणजे बदकाला चिमटा.
कवळी सुटून माउथपीसला लोंबकळली.
खाली न्हाव्याची कात्री थांबली.
हसून हसून त्याला पाणी द्यावं लागलं.
मग चिकटवायची पूड लावली, वाद्य कवळलं,
आणि एक खालचा, लांब स्वर धरून ठेवला.
चांगला होता का? त्यातलं मला कळत नाही.
ट्रेमधली माझी बारीक अवजारं
एकमेकांना लागून किणकिणत होती, एवढं पाहिलं.

पुढे दर शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये वाजवायचा, चहा फुकट.
हिरड्या आटल्या म्हणून दोनदा आला, दोनदा घासून दिली.
तिसऱ्यांदा यायला हवा होता.

त्याच्या तोंडाचा साचा माझ्या फळीवर आहे,
पेन्सिलीनं आडनाव लिहिलेला.
कामाला नवी लागलेली शिहाम काल विचारत होती,
फेब्रुवारीचं काम अजून पडूनच आहे,
टाकून देऊ?
बाहेर जूनची थंडी.
म्हटलं, धूळ पूस. ठेव परत.