आठवी खूण

गाडी लिफ्टवर चढली तेव्हा अंबडमध्ये भोंगा झाला,
पहिली पाळी सुटली,
आणि क्लिनिकमधून तशीच निघालेली मी
एका स्पोर्ट्स कारच्या पोटाखाली उभी राहिले,
हातात दातांची प्रोब, कानामागे खडू.

ताहेरभाई म्हणाले, डॉक्टर, वरून काही कळणार नाही.
बॉडी फायबरची. फायबरला काय होतंय?
माहीत आहे, म्हटलं. कॅपला कीड लागत नाही.
लागते ती कॅपखाली.

वर ती लालच होती. दोन सीटा, उतरतं छत,
गंगापूर रोडच्या सिग्नलला पोरांनी मोबाइल काढावेत अशी.
गायधनी सांगत होते, एकाच हाताची, नाशिकबाहेर गेलीच नाही,
फार तर त्र्यंबक, तेही उन्हाळ्यात.
बोलताना टायर पुसत होते.

खाली काळं.
चकचकीत, डांबराच्या वासाचं काळं,
फार तर आठवड्यापूर्वी मारलेलं.
माझे पेशंटही असेच,
अपॉइंटमेंटच्या सकाळी दहा मिनिटं ब्रश करून येतात.

ताहेरभाईंनी शिकवलं:
नारिंगी धूळ बोटाला लागली तर पुसायची, घाबरायचं नाही,
लोखंड आहे, श्वास घेणारच.
पापुद्रे निघाले तर थांबायचं.
आणि फारच गुळगुळीत दिसलं तर ठोकायचं.
चांगली पट्टी टणकन बोलते.
वाईट पट्टी नुसतं हो हो करते.

मी ठोकलं. जॅक लावायच्या जागी, मागच्या स्प्रिंगच्या वर,
सीटखाली, जिथे पाणी साचतं.
फ्रिजवरचा चुंबक आणला होता, दाढेच्या आकाराचा,
कुठल्याशा टूथपेस्टवाल्यानं दिलेला.
चिकटला, चिकटला, चिकटला,
आणि डाव्या बाजूला टपकन पडला.
तिथे लोखंड नव्हतंच. लांबी भरली होती, वर रंग.

खडूचा पहिला गोल.

पाणी निघायच्या भोकात प्रोब घातली, फिरवली,
तर तळहातावर चिमूटभर वाळू.
गोदावरीची वाळू काळसर असते, चिखलाची.
ही पांढरट. तिच्यात शिंपल्याचा कपचा,
दुधाच्या दातासारखा.

मी हात पुढे केला, बोलले काहीच नाही.
गायधनींनी फडकं खिशात घातलं.
हर्णैला दोन पावसाळे, म्हणाले शेवटी.
होमस्टे काढला होता. चालला नाही.
रोज संध्याकाळी ओहोटीला पुळणीवर हिला काढायचो,
तेवढंच चाललं.

मग ते स्वतःच वाकून आत आले, मान वर केली.
नऊ वर्षं झाली,
हिला इथून कधी पाहिलंच नव्हतं.

दोन, तीन. चौथ्याला प्रोब आरपार गेली,
लाल भुगा उडाला, कांडपाच्या गिरणीत उडतो तसा.
मला शिंका. पाच. सहा.
ताहेरभाईंचा नियम: सातपर्यंत वेल्डिंग, आठव्याला नमस्कार.
पत्रा, मजुरी, आणि ओळखीचे म्हणून पाच हजार कमी.
सातवी पुढच्या आडव्या पट्टीला.

फोन वाजला. नवरा विचारतोय,
डिकीत महिन्याचा किराणा मावेल का.
नाही मावणार.
म्हणून तर.

आठवी मला दिसली.
ड्रायव्हरच्या टाचेखाली येईल अशी, करंगळीच्या नखाएवढी,
फोडासारखी फुगलेली.
ताहेरभाई पाटी शोधत होते.
गायधनी अजून वरच बघत होते.
पेशंटला अशी जागा मी आरशात दाखवते,
कितीही रडू दे, दाखवते.

मी तिच्यावर अंगठा ठेवला.
कोमट होती. सायलेन्सरमुळे असेल.

सातच, म्हणाले.

ताहेरभाईंनी पाटीवर सात लिहिलं,
खाली रेघ मारली,
मग माझ्या अंगठ्यावरच्या नारिंगीकडे पाहिलं
आणि पुसायला फडकं दिलं.