बारा गुणिले अठरा

नागपूरहून कार्ड आलं एस.टी.च्या डिक्कीत,
तांदळाच्या कट्ट्याखाली.
खोकं उघडलं तर पंख्यांना अजून
कुणाच्या तरी खोलीतल्या सिगारेटचा वास.
त्याच्यासाठी जुनं, मला नवंच.

झाडीपट्टीची नाटकं मी कापते, सांधते.
मंडईपासून होळीपर्यंत
चौदा गावांचे मांडव
माझ्या दहा बाय दहात येऊन पडतात:
रात्री साडेदहाला उठलेला पडदा,
पहाटे चारला मेलेली नायिका.
आधीच्या कार्डावर तिला मरायला
दोन दिवस लागायचे.

नवं बसवलं. तिसरा अंक, ब्याऐंशी टक्के,
आणि फट्.
धूर नाही, वास नाही. नुसता काळा पडदा,
आणि बाहेर राइस मिलचा पट्टा फिरतोच आहे,
म्हणजे लाइन होती.
पुन्हा लावलं.
पुन्हा ब्याऐंशी.

रेवनाथकाका आला.
तीस वर्षं मांडवामागे जनरेटर सांभाळला यानं.
नटांची तोंडं त्याला आठवत नाहीत,
कुठल्या गावी किती लोड होता ते आठवतं.
"खोल डबा, पोरी."
पॉवर सप्लाय काढून त्यानं तळहातावर तोलला,
बाजारात पपई तोलतो तसा.
"पाचशे लिवलं हाये? अन् वजन एवढुसं?
याच्या पोटात तांबंच नाही बाई."

चष्मा कपाळावरून खाली आला.
मोठे आकडे त्यानं वाचलेच नाहीत;
बारीक अक्षरांच्या कोष्टकात
बारा व्होल्टच्या रकान्यावर बोट ठेवलं.
अठरा अँपिअर.
"कर गुणाकार."
कागद कुठला शोधू, फरशीवर ओल्या बोटानं केला:
दोनशे सोळा.
कार्ड एकटंच मागतं दोनशे.
मग प्रोसेसरचे शंभर, डिस्क, पंखे...
माझी बेरीज व्हायच्या आत
दोनशे सोळा वाळून गेलं.

"चालताना नाही खात लोड," काका म्हणाला,
"उठताना खाते.
एका गावी कंपनीनं नवी हिरोईन आणली,
नवे हॅलोजन आणले, चार.
जनरेटर माझं जुनंच.
ती रडाले लागली अन् मी चारही एकदम टाकले."
मग?
"मग काय. अंधारात रडतच राहिली ती.
लोकं म्हणे वा, काय सीन आहे.
मी मागं इंजिनाले हात लावून उभा."

ब्रह्मपुरीचा दुकानदार म्हणाला, हे न्या मॅडम,
साडेसातशे वॅट, आत लाल दिवे, हजारात बसतं.
आठ पिनांची वायर नाही याला, पण जोड देतो ना, फुकट.
मी विचारलं, बारा व्होल्टवर किती?
त्यानं खोकं उलटं केलं, सुलटं केलं,
जणू बारा व्होल्ट आताच निघाले असावेत.
मग स्टुलावर चढून
वरच्या फळीवरचं धुळकट खोकं काढलं.
साडेसहाशे. चोपन्न अँपिअर.
हा गुणाकार मी डोक्यातच केला.
आठ पिनांच्या दोन वायरी, जोड न लागणाऱ्या.
किंमत कार्डाच्या निम्म्याहून जास्त;
दोन नाटकांची मजुरी गेली
ज्यात काहीच दिसत नाही अशा वस्तूवर.

येताना बॅगेचा पट्टा खांद्यात रुतत होता.
नागभीडच्या फाट्यापर्यंत उभीच होते,
आणि रुततोय म्हणून बरं वाटत होतं.

एकोणऐंशी. ऐंशी.
तेवढ्यात मिलची मोटर उठली,
ट्यूबलाइट एकदा लवली,
स्टॅबिलायझर टक् बोलला.
ब्याऐंशी.
त्र्याऐंशी.
नायिका एकोणीस मिनिटांत मेली, छान मेली.

काकानं पडद्याकडे पाहिलंच नाही.
डब्यामागे वाकून, जिथून पंखा श्वास सोडतो
तिथे तळहात धरून बसला होता.
"कोमट," म्हणाला,
आणि हात तिथंच ठेवला.