निचऱ्याची जमीन

जून लागला, आणि युकॉनच्या काठी
बटाट्यासाठी खड्डा घेते अगाथा.

मागे काळ्या स्प्रूसखाली
हातभर शेवाळ, मग बर्फ.
तिथे पहार खणकन परत येते.

इथे गाळ, वाळू, पुन्हा गाळ,
बोटबोटभर जाडीचे पूर,
मध्ये कुजल्या पानांची काळी रेघ.
ही आई गेली त्या सालची असावी.
तळाशी गोटे.

बादली उपडी केली तर
दहा मोजेस्तोवर पाणी गडप.
काहीच धरून ठेवत नाही ही माती,
म्हणून ऊब धरते.
अगाथाला जमलं नाही ते कधी.

धप्प!
वरच्या वळणावर काठ सुटला,
एक पॉप्लर उभाच्या उभा नदीत.

घरापासून काठ परवा चाळीस पावलं होता,
आज एकतीस.

ती बटाटे लावते.
डोळा वर करून.