काबालेचा चढ

चौथ्यातच चढव, म्हणाली क्योमुगिशा,
आणि मागे बटाट्याच्या पोत्यावर बसली.
ब्यामुकामाने मूठ पिळली.
इंजिन किंचाळलं,
चाकाला ऐकूच गेलं नाही.
शेजारून एक शेळी पुढे निघून गेली.

"केबल?"
"कालच सैल केली."
"ऑइल?"
तो गप्प. मग: मेहुण्याच्या कारमधलं, उरलेलं.
मीटरने अठ्ठ्याण्णव हजारांवर
केव्हाच मान टाकलेली.

कव्हर निघालं तसा करपट वास.
पोलादी प्लेटा निळ्या पडलेल्या,
बाकीच्या काचेसारख्या गुळगुळीत.
एक तिने त्याच्या तळहातावर ठेवली.
"बघ. धरायचं विसरल्यात."

"नव्या कितीला?"
तिने आकडा सांगितला.
त्याने प्लेट शर्टाला पुसली,
पुन्हा पुसली, परत दिली.
"एक आठवडा अजून चालेल?"

"उतारावर," ती म्हणाली.